चिऊच्या तापाचे नऊ दिवस

९ मार्च, मूल (जि. चंद्रपूर)
नातीचा, चिऊचा, ताप. पाचवा दिवस. डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालभडक. काल बर्फाचा गोळा खाल्लास म्हणून उगाच रागावले तिला. आज पाठीवर पुरळ. शेजारच्या शेवंताबाईंनी दारातूनच पाहिलं. "माता आली जी बाई. सुई नोका लावू, कोपते ते."
सूनबाई पल्लवी म्हणाली, "मी चंद्रपूरले नेतो तिले." मुलगा सूरजागडच्या खाणीवर ड्यूटीला. फोनवर म्हणाला, तू म्हणशील तसं, आई.
मी थांबा म्हटलं.

१० मार्च
उशाशी कडुनिंब. घरात फोडणी बंद. मला गोवर निघाला तेव्हा आईनं असाच पाला अंगावरून फिरवला होता. त्याचा गारवा अजून आठवतो. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टर याला अडाणीपणा म्हणत. मीही म्हणत आले. आणि आता...

१३ मार्च, नागपूर
हातपाय सुजले. प.नं मला विचारलं नाही, गाडी बोलावली. डॉक्टरांनी विचारलं, ताप किती दिवस? मी म्हटलं, पाच-सहा. प. माझ्याकडे न बघता, "नऊ झाले, डॉक्टर."
माता नाही, गोवर नाही. कावासाकी म्हणतात. शरीराची राखण करणारी शक्तीच रक्तवाहिन्यांवर उठते. एवढंच समजलं.

१४ मार्च
सलाइनमधून औषध, दिवसभर, थेंब थेंब. संध्याकाळी ताप उतरला. चिऊनं वरण-भात मागितला. प. बाथरूममध्ये जाऊन रडली. माझ्यासमोर नाही.

१६ मार्च
रक्तातला सुजेचा आकडा बराच खाली. मी हात जोडले. मग हृदयाची सोनोग्राफी. हृदयाला रक्त पुरवणारी डावीकडची नळी एका जागी फुगलेली.
"आधी आणली असती तर?"
डॉक्टर तरुण, भला मुलगा. म्हणाला, "आजी, आता पुढचं बघू."
कळलं मला.

२ एप्रिल, मूल
बोटांची साल निघतेय. रक्त पातळ राहायला रोज गोळी. धावायचं नाही. रक्ताचा रिपोर्ट अगदी नॉर्मल. शेवंताबाई म्हणाल्या, "पोरगी तं ठणठणीत दिसून राह्यली जी."
"वरून," प. म्हणाली.

४ मे, नागपूर
परत सोनोग्राफी. चिऊ माझं बोट सोडेना. प. म्हणाली, "आजी इथीच बसते." चिऊचे बूट काढून माझ्या हातात दिले. "धरा, आई." दार लागलं.
बाकावर बसून लिहितेय. बराच वेळ झाला. बूट आतून अजून गरम आहेत.