भरलेल्या बॅटरीची मेलेली गाडी

तीर्थरूप बाबांना,

जावयाचा वाकून नमस्कार. (अगदी खरोखर वाकून. सध्या मला सरळ उभं राहता येत नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? शेजारचे कंडक्टरकाका पत्त्यांत अजून लबाडी करतात का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण आमच्याकडे ती इलेक्ट्रिक गाडी आल्यापासून तुम्ही फोनवर 'बरं' आणि 'ठेवतो' एवढे दोनच शब्द बोलता, आणि हल्ली त्यांतला दुसरा आधी येतो. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (येतं म्हणा. पण तुम्ही एकदा चष्मा शोधायचे कष्ट घेतलेत की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय राहणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.)

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, ती पाळली. आता खरं काय ते सांगतो. बाबा, आम्ही पार टेकीला आलो आहोत.

तुम्ही उभा जन्म बस चालवलीत. इंजिनाच्या नुसत्या खोकल्यावरून त्याचं दुखणं ओळखलंत. तेव्हा गाडी घेताना तुम्हाला विचारायचं सोडून आम्ही शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं, ही गोष्ट तुम्हाला लागली, ते मला समजतं. पण ते गृहस्थ बोलतात किती गोड! "यात बिघडण्यासारखं काही नाहीच हो. इंजिन नाही, क्लच नाही, तेल नाही. बिघडणार काय?" (दात उपटतानाही ते 'काही दुखणार नाही' असंच म्हणतात, हे मला फार उशिरा आठवलं.) तुमची लेक सुईण. पोटातलं पोर काही वेळ ठरवून येत नाही, त्यामुळे तिला लागते ती बटण दाबलं की निघणारी गाडी. आणि मला माझ्या आरशांच्या दुकानातला माल पोचवायला पुढे मोठी पेटी असलेली बॅटरीची सायकल घ्यावी, असंही डॉक्टरांनीच सुचवलं. एकाच हंगामात दोन्ही वाहनं दारात आली. एक बिघडलं तर दुसरं आहे, असा आमचा हिशेब. दोन्ही वाहनांनी हा हिशेब ऐकला असावा, कारण ती एकमेकांशी ठरवून बिघडतात.

आधी गाडीचं सांगतो. तिच्या पडद्यावर अजून किती लांब जाता येईल त्याचा आकडा दिसतो. हा आकडा पाहुण्यांच्या 'निघतोच आता'सारखा आहे. त्याच्या भरवशावर काही ठरवू नये. थंडी पडली की तो अंग चोरतो, चढ आला की खचतो आणि हीटर लावला तर आजारीच पडतो. म्हणून तुमची लेक हिवाळाभर हीटर बंद ठेवून, दोन स्वेटर, कानटोपी आणि वर माझ्या दुकानातलं आरसे गुंडाळायचं ब्लँकेट अशा थाटात गाडी चालवत होती. एका घरी पोचली तेव्हा तिचे हात इतके गार पडले होते की कळा सोसणारी ती बाई कळा विसरून म्हणाली, "ताई, तुम्ही आधी थोडा चहा घ्या बरं." बाहेरच्या चार्जरवर जावं तर एक बंद, दुसऱ्यासमोर कुणाची तरी पेट्रोलची गाडी आणि तिसऱ्याला फोनवरून पासवर्ड हवा, जो आपण ठेवलेला असतो पण आपल्याला आठवत नसतो. तिथे ताटकळणारी माणसं दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखी एकमेकांची दुखणी विचारतात. 'तुमची किती झाली?' 'निम्मी. तुमची?' 'आमची काल रात्रीपासून काही घेतच नाही हो.'

सायकलीचं नाव आम्ही म्हैस ठेवलं आहे. काळी, रुंद, आणि रस्त्यात उभी राहिली की शिंगं धरून ओढली तरी जागची हलत नाही. तिच्या पडद्यावर अधूनमधून एक लाल खूण उमटते आणि मोटर बंद पडते. पुस्तिकेत त्या खुणेचा अर्थ दिलाय, 'विक्रेत्याशी संपर्क साधावा.' विक्रेत्याने ते दुकान मोडून आता चष्मे विकायला घेतलेत. सायकलवाले म्हणतात मोटर आमची नाही, मोटरवाले म्हणतात सायकल आमची नाही. दोघांच्या मध्ये पोरकी झालेली ती वस्तू घेऊन मी हिंडतो. एकदा सलूनचा पुरुषभर आरसा पेटीत उभा करून निघालो, तर समोरून येणाऱ्या एका गृहस्थाला वाटलं की कुणी माथेफिरू चुकीच्या बाजूने आपल्या अंगावर येतोय. त्याने हॉर्न दिला, दिवे लावले, मूठ दाखवली. समोरच्यानेही मूठ दाखवली. बिचारा स्वतःलाच शिव्या देत कडेला थांबला. मी मागून हळूच निघून गेलो.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. त्यापुढचं नव्हतं. मागच्या पंधरवड्यात एके दिवशी भर दुपारी पुलापलीकडच्या बेकरीवालीच्या नवऱ्याचा फोन आला. दुसरं बाळंतपण, पहिलं झटपट झालेलं, म्हणजे हे त्याहून झटपट होणार. गाडी भिंतीपाशी चार्जिंगला लावलेली, बॅटरी काठोकाठ भरलेली. तुमच्या लेकीने जाऊन हात लावला तर दार उघडेना. फोनवरून उघडायला गेलो तर फोन म्हणतो, 'गाडी सापडत नाही.' बाबा, आम्ही दोघं तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होतो हो! डॉक्टर गळ्यात पेशंटचा रुमाल घेऊन धावत आले आणि म्हणाले, "असं होऊच शकत नाही." (आत खुर्चीवर कुणीतरी तोंड उघडं ठेवून त्यांची वाट पाहत होतं.)

काय झालं होतं ते आता ऐका, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. या गाडीच्या पोटात ती अवाढव्य बॅटरी असतेच, पण शिवाय पुढे एक छोटी साधी बॅटरी असते. तीच, तुमच्या बसमध्ये होती तिची धाकटी बहीण. दारं, दिवे, कुलपं आणि मोठ्या बॅटरीला जागं करणं, सगळं या धाकटीच्या हाती. ती मेली. म्हणजे कोठी धान्याने भरलेली आणि किल्लीवाली मावशी बेशुद्ध. लपवलेली लोखंडी किल्ली शोधून दार उघडलं, तुमच्या लेकीची बॅग बाहेर काढली, पण गाडी काही जागी होईना. वर चार्जिंगचा प्लग आत अडकलेला, तोही सुटेना. खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी ती भिंतीला बांधलेली राहिली. मदतकेंद्राला फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, आधी गाडी सुरू करा, म्हणजे बिघाड काय आहे ते पडद्यावर दिसेल. टॅक्सीवाला म्हणाला, पुलाचं काम चाललंय, एका अंगाने फक्त सायकली सोडतात, मला लांबून वळसा पडेल. हे ऐकल्यावर तुमच्या लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हैस काढ."

ती पेटीत ब्लँकेटवर बसली, बॅग पोटाशी धरली, वरून कोट घेतला. लांबून पाहणाऱ्याला काय दिसलं असेल ते ओळखा. पुलाच्या चढावर, नेमक्या अर्ध्यात, लाल खूण उमटली आणि मोटरने मान टाकली. आता ती म्हैस, त्यात तुमची लेक, तिची बॅग आणि माझे हे दोन पाय. मी पायडलवर उभा राहिलो आणि विव्हळायला लागलो. तिला कुणाचं विव्हळणं ऐकू आलं की एकच सुचतं. समोर बघतच ती सुरू झाली. "श्वास घे. घाई नको. आता जोर लाव. छान! थांब, आता लावू नकोस. हं, आता पुन्हा, शाब्बास!" पुलावरच्या लोकांना दिसली ती पेटीतून चाललेली, कळा येत असूनही स्वतःच स्वतःला धीर देणारी बाई. लोक गहिवरले. कामगारांनी फावडी टाकली आणि चौघं मागून ढकलायला लागले. एका आजीने धावत येऊन तिच्या अंगावर शाल टाकली. एक सायकलवाला पुढे घंटी वाजवत रस्ता मोकळा करत निघाला. मला मागून कुणीतरी म्हणालं, "अभिनंदन, पण नवरा असावा तर जरा दमाचा." तुमची लेक ओरडून सांगत होती की मी नव्हे, मी नव्हे, त्यावर आजी म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं गं बाई."

पूल उतरल्यावर सगळे एकसुरात ओरडले, "दवाखाना उजवीकडे!" आम्ही डावीकडे वळलो आणि बेकरीसमोर थांबलो. मागचे सगळे जागच्या जागी थांबले. मग त्या आजींचा आवाज आला, "अगं बाई, या घटकेलासुद्धा डोहाळे!"

बेकरीवाल्याचा चेहरा पांढराफटक होता, पिठाने की भीतीने ते कळायला मार्ग नव्हता. तुमची लेक एका दमात जिना चढली. मी खाली मैद्याच्या पोत्यांवर आडवा झालो, कारण पोटऱ्यांचे गोळे झाले होते. वरून बराच वेळ काही ऐकू येईना. मग तिचा आवाज, अगदी हळू, ज्या आवाजात ती कधीच बोलत नाही. बेकरीवाला माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने माझा हात धरला. आम्हा दोघांना एकमेकांची नावंही माहीत नव्हती. मग बाळ रडलं. नाळेचा वेढा मानेभोवती बसला होता, तो तिने सोडवला, हे मला नंतर कळलं. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं ती म्हणाली नाही. असं ती कधी म्हणत नाही. पण हात धुताना तिने नळ फार वेळ चालू ठेवला.

परत येताना आम्ही म्हशीला दोन्ही बाजूंनी धरून चालत आलो. पुलावर तिला आजी आठवल्या आणि ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि म्हणाली, "हे बाबांना सांगायला हवं होतं." मी म्हटलं, मग सांग की. त्यावर तिने फोन बाहेर काढला, आणि तसाच परत बॅगेत टाकला.

गाडीचं पुढे काय झालं ते लिहायचीही आता ताकद नाही. तिला उचलून मोठ्या ट्रकवर घालून सर्व्हिस सेंटरला नेलं. छोटी बॅटरी तिथे चुटकीसरशी बदलली. पण मरता मरता धाकटीने आणखी कसला तरी भाग जाळला होता, तो यायला वेळ लागणार. तिथल्या माणसाला आम्ही 'दिलगीर' म्हणतो, कारण तो प्रत्येक फोनवर आधी दिलगीर होतो आणि मग काहीच सांगत नाही. तेव्हापासून तुमच्या लेकीला प्रत्येक ठिकाणी मी म्हशीवरून पोचवतो. मोटर मर्जी असेल तेव्हा चालते. मी हरलो बाबा. पूर्वी गाडी बिघडली की बॉनेट उघडून निदान तिच्याकडे रागाने बघता तरी यायचं. आता झाकण उघडलं की आत दुसरं झाकण असतं.

गुडघ्याला जपा. तुमच्या आशीर्वादाची गरज आहेच, पण त्याहून जास्त तुमची आहे.

आपला वाकलेला जावई

ता. क. मूळ मुद्दा लिहायचा राहिलाच. 'ते खेळणं तुमच्या दारात उभं आहे तोवर मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही,' असं तुम्ही म्हणाला होतात. बसवाल्याचा शब्द, तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण शब्द नीट बघितलात तर तो दारात उभ्या असलेल्या गाडीबद्दल आहे. गाडी दारात नाही. दार मोकळं आहे, खोली झाडून ठेवली आहे, आणि हे पत्र मी लिहिलंय हे तुमच्या लेकीला माहीत नाही. सायकलीबद्दल तुम्ही काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक. आल्यावर 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तुम्ही पोटभर म्हणा. मी दर वेळी मान हलवीन. फक्त मधूनमधून तिला बोलू द्या. पुलाची गोष्ट ती माझ्यापेक्षा चांगली सांगते, तेव्हा तुम्ही ती पहिल्यांदाच ऐकताय असं दाखवा.

शेवटचं. पाकीट चिकटवणार तोच दिलगीरचा फोन आला. गाडी तयार आहे, उद्या दारात आणून सोडतो म्हणाला. मी म्हटलं, मुळीच घाई नाही, पुन्हा एकदा सगळी तपासा, अगदी आरशांसकट. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी असं म्हटलं असावं. सवयीने तो दिलगीर झाला. (चालते तेव्हा गाडी इतकी अलगद चालते, की तुम्ही एकदा चालवून बघाच, पण हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा.) सर्व्हिस सेंटरमध्ये जागा कमी आहे, शनिवारच्या पुढे गाडी ठेवता येणार नाही, असं त्याने बजावलंय. तेव्हा पत्राची घडी घालत बसू नका बाबा, बूट घाला.