पाण्यातून न काढलेलं कापड

गुरुवार, तिन्हीसांजेला

अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पाठीला मशीनची शिवण टोचते, म्हणून या वेळी तिचा ब्लाउज हातानेच शिवला. कुडाळहून बारीक सुई आणली. दोरा मेणावरून ओढून घेतला, एकदाही गुंतला नाही. आणि कापड आधी पाण्यातून काढायचं, तेच विसरले! इतकी कशी मी वेंधळी? आज धुतला तर चांगला बोटभर आटला. दिवसभर स्वतःवरच चरफडत होते. आता दंडात रुतणार, काखेत काचणार...

मघाशी भीत भीत तिला घातला. "बरो झालो गो, खंयच टोचणा नाय," आई म्हणाली.

माप तिच्या मागच्या दिवाळीतल्या ब्लाउजचं होतं. बोटभर आटलेल्या त्या बाहीत, तिच्या दंडाशेजारी, माझी दोन बोटं सहज गेली.