भिंतीचा शब्द

१४ ऑगस्ट १९७९

सापडलं! फुर्तादो म्हातारीच्या स्वयंपाकघरात, बेसिनच्या वर, खिळ्याला लटकलेलं — लाविनिया थॉर्नचं ‘तीन धुरांडी’ हे छापचित्र, सन १९१७! काचेवर साबणाच्या पाण्याचे थर. पण आत रंग असे जिवंत, की मी तिथल्या बटाट्याच्या पोत्यावरच बसलो.

“काय झालं याला? ऊन लागलं वाटतं,” म्हातारी म्हणाली. “ओदेत, पाणी दे त्याला.”

ओदेत तिची नात. पाणी घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली. अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

म्हातारी विकणार नाही. “वरच्या खोलीत भाड्याने राहायची ती बाई. मी नवी नवरी होते. जाताना दिलं तिने. दिलेलं विकतात का रे पोरा?” मग केलच्या पालेभाजीचं सूप पुढे ठेवलं. मी दोन वाट्या प्यायलो, केवळ चित्रासमोर बसायला मिळावं म्हणून.

खोटं कशाला लिहू. चित्राकडे पाठ करून बसलो होतो. ओदेत समोर होती.

१५ ऑगस्ट

आज चित्रांच्या दुकानात मालकाला, किट्रेज म्हाताऱ्याला, सगळं सांगितलं. एरवी माझ्याकडे न बघता बोलणारा माणूस, चष्मा काढून ठेवला त्याने.

अशी चित्रं म्हणजे एकच लाकडी फळी. रेघा कोरून काढायच्या, मधला एकेक भाग जलरंगाने रंगवायचा, वरच्या कडेला टाचण्यांनी अडकवलेला कागद त्यावर पाडायचा, पाठीवरून चमच्याने घासायचं, कागद उचलायचा, पुढचा भाग रंगवायचा. कोरलेल्या रेघेला रंग लागत नाही. ती पांढरी राहते — आणि तीच खरी कला! दर वेळी रंग नव्याने लावायचे, म्हणून एका फळीवरची दोन चित्रं कधी सारखी नसतात. सगळ्या अमेरिकेत याच गावात रुजलेली रीत. आमच्या प्राध्यापकांनी भरवर्गात तिला ‘बायकांचा फावल्या वेळचा उद्योग’ म्हटलं. मी त्यांची पुस्तकं उचलून खिडकीबाहेर फेकली. कॉलेज तिथेच संपलं. बरंच झालं!

“म्हातारीशी ओळख वाढव,” किट्रेज म्हणाला. “नातीशी वाढवतोयसच.”

कान लाल झाले असणार माझे. हा माणूस मला काम देतो, माडीवर झोपायला जागा देतो, कागद कसा धरायचा ते शिकवतो. माझ्या बापाने मला हातोडासुद्धा धरायला शिकवला नाही.

२ सप्टेंबर

ओदेत दुकानात आली! वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत.

“ट्रूरोच्या आत्याकडे होतं. तुला आमच्याकडे ज्याच्यासमोर मूर्च्छा आली, त्याचंच भावंड दिसतंय.”

“मूर्च्छा नाही, ऊन लागलं होतं.”

“स्वयंपाकघरात?”

तेच ‘तीन धुरांडी’, पण रंग धुक्यातले. राखाडी, जांभळे. आणि आकाशात एक जादा रेघ! मधल्या धुरांड्यापासून निघून तिरकी वर गेलेली, जराशी थरथरती, केसासारखी. म्हातारीच्या चित्रात ती नाही. म्हणजे थॉर्नबाईंनी फळीवर नंतर कोरली. इतकी मोकळी रेघ त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच कामात मी पाहिलेली नाही! मी बोलतच सुटलो. ओदेत खिडकीतून समुद्राकडे बघत होती.

“आत्याकडे मला ने ना. हे लटकत होतं ती भिंत बघायला हवी.”

“तिला परके आवडत नाहीत.”

“मी परका?”

“आत्यासाठी,” ती म्हणाली. ‘आत्यासाठी’! दिवसभर तोच शब्द चघळतोय.

९ सप्टेंबर

बंधाऱ्यावर दूरपर्यंत चालत गेलो, दोघंच. तिला विचारलं, तू कधी काही काढतेस का? “काढायचे,” म्हणाली. पुढे विचारायचं राहून गेलं, कारण तिने माझा हात धरला.

१६ सप्टेंबर

वेलफ्लीटच्या बीलबाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. यांची आई थॉर्नबाईंकडे शिकायला जायची. यांच्या घरीही ‘तीन धुरांडी’ होतं. बाई लहान असताना घराला आग लागली, त्यात गेलं. तेव्हापासून शोधताहेत. त्यांना दुसरं काही नको, हेच हवं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. विक्रीबरोबर कागदपत्र काही नाही. ज्याने चित्र भिंतीवरून उतरवलं त्याने गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं, कुणाची भिंत ते आपल्या तोंडाने सांगायचं. किट्रेज याला ‘भिंतीचा शब्द’ म्हणतो. आसपासचे सगळे संग्राहक याच शब्दावर घेतात. छापलेल्या दाखल्यांना कोण विचारतो!

किट्रेजने मला मागच्या खोलीत बोलावलं. “तू उतरवलंस ना?”

“ओदेतने. मी आत्याकडे गेलो नाही.”

“घरच्यांचा शब्द चालत नाही, माहीत आहे तुला. तिच्यावर विश्वास आहे ना?”

कसला प्रश्न हा!

बीलबाई समोर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यांनी विचारलं, “बाळ, तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस ते? भिंतीवर?”

“हो,” मी म्हणालो. “ट्रूरोत. चुलीच्या डाव्या बाजूला.”

चूल कुठून आली कुणास ठाऊक! वर ती आकाशातली रेघ दाखवली. म्हटलं, “ही बघा. असा हात पुन्हा होणे नाही.” बाईंनी रुमाल काढला. चित्र घेऊन गेल्या.

ओदेत खोटं कशाला बोलेल? आणि ती बोलत नसेल तर मीही बोललो नाही.

३० सप्टेंबर

ओदेतने आणखी दोन आणली. एक मावशीकडून, एक कुणा चुलत आजोबांकडून. एकात रंग पहाटेचे, एकात भर दुपारचे. दोन्हींत ती रेघ! किट्रेज ऑक्टोबरात खास प्रदर्शन भरवणार. बॉस्टनहून लोक येतील. भिंतीचा शब्द मीच द्यायचा, असं त्याने आधीच सांगून ठेवलंय.

७ ऑक्टोबर

लग्नाचं विचारू का? हसेल. हसू दे. पण किट्रेज पगार वाढवेपर्यंत थांबावं. नाही — विचारतोच!

८ ऑक्टोबर

विचारलं नाही.

११ ऑक्टोबर

म्हातारीला शेवटी पटवलं. प्रदर्शनापुरतं चित्र द्यायला तयार झाली. मी खिळ्यावरून उतरवत होतो, ती खाली स्टूल धरून उभी होती. एकदम म्हणाली, “फळीपण हवी का?”

“कसली फळी?”

“ज्याच्यावरून छापलं ती. बाई इथेच टाकून गेली. पुन्हा काही आली नाही ती. फळी तळघरात असेल. पण बघण्यासारखी राहिली नाही. नवीन स्टोव्ह घेतला त्या वर्षी मी ती त्याच्यामागे उभी केली होती, तडकली. हे बघ, इथून अशी,” आणि साबणाने भिजलेलं बोट तिने मधल्या धुरांड्यावर ठेवलं, काचेवरून वर, तिरकं, आकाशात नेलं.

मी स्टुलावरच उभा होतो. खाली कसा उतरलो, आठवत नाही.

म्हणजे तडा बाई गेल्यानंतरचा. तडा गेलेल्या फळीवरून थॉर्नबाईंनी काहीही छापलेलं नाही, छापूच शकत नाहीत. आणि ती माझी थरथरती, मोकळी, पुन्हा न होणारी रेघ — तडा! स्टोव्हच्या उष्णतेने फुटलेलं लाकूड! मी त्याच्यावर भाषणं दिली! एका बाईला रडवलं!

१२ ऑक्टोबर

सकाळी तळघराच्या दारावर लाथ मारली. उघडंच होतं. तोंडावर पडता पडता राहिलो.

ओदेत फळीवर वाकली होती. हातात चमचा. बाहीला निळा रंग. दोरीवर दोन चित्रं वाळत होती, मासे सुकवावेत तशी.

“दार ढकललं असतंस तरी उघडलं असतं,” ती म्हणाली.

“आत्या कुठाय?”

“ट्रूरोला.”

“आणि तिची भिंत?”

“भिंत आहे. चित्र नव्हतं.”

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. चोर म्हणालो, त्याहून वाईटही म्हणालो. ती चमचा घासतच राहिली — घासायचं मध्येच थांबवलं तर रंग डागाळतो. मग सावकाश कागद उचलला, बघितला, टाचण्या काढल्या, दोरीला लावला. त्यानंतर माझ्याकडे वळली.

“झालं?”

“सगळं खोटं होतं? बंधाऱ्यावर गेलो ते? हात धरलास ते?”

“पहिल्या दिवशी चित्रासाठी आले होते दुकानात. नंतर तू बोलायचा थांबेनास. मग काय करणार होते मी?”

“हसू नकोस!”

“हसत नाहीये, एबेन.” खरंच हसत नव्हती. “एप्रिलात माझी पाच चित्रं तुमच्या खिडकीत होती. माझी. माझ्या फळ्या, माझं नाव. तू रोज सकाळी ती खिडकी पुसायचास.”

मला एकही आठवेना.

“किट्रेजने मे महिन्यात परत दिली. म्हणाला, हात चांगला आहे, नावच चुकीचं आहे. ऑगस्टात तू आमच्याकडचं चित्र बघून गेलास, आणि दुसऱ्या दिवशी तो आला. म्हणाला, फळी आहे का घरात?”

किट्रेज!

दोरीवरचं एक ओढून फाडलं मी. तिने खाली वाकून तुकडे गोळा केले. ते जास्त लागलं.

१३ ऑक्टोबर

म्हातारा पेअर सोलत बसला होता. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. सालीची तार न तोडता म्हणाला, “दार लाव, वारा येतोय.”

“मला का पुढे केलंत? स्वतः द्यायचा होतात शब्द!”

“माझा शब्द ऐकून लोक चित्र उलटं करून बघतात. तुझा ऐकून डोळे पुसतात.” फोड माझ्यापुढे धरली. “अरे, प्रेमात पडलेल्या पोराला कोण दुसऱ्यांदा विचारतं?”

मी भिंतीवरची चौकट ओढून जमिनीवर आपटली. काच तळव्यात घुसली. त्यानेच पट्टी बांधली, कशी बांधायची ते सांगत सांगत. मी हात ओढून घेतला नाही, याचा सगळ्यात जास्त राग येतोय.

वर म्हणतो, “कागद जुन्या पुस्तकांतला मी दिला. रंग तिचा, चमचा तिचा. बीलबाई खूश, पोरगी खूश. एक तूच नाखूश. तू जाऊन सांग त्यांना, मी अडवणार नाही. सांग की चुलीच्या डाव्या बाजूला काही नव्हतं.”

चूल मी त्याला कधी सांगितली नव्हती. दाराआड उभा राहून ऐकलं असणार.

१४ ऑक्टोबर

सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं. ज्याला बाप मानलं त्याने, आणि जिच्यासाठी — जाऊ दे. बीलबाईंना सांगणार. त्यांना, मग बॉस्टनवाल्यांना. दुकान बंद पडू दे! ओदेत पकडली जाऊ दे!

ओदेत पकडली जाईल.

तरी सांगणार.

२० ऑक्टोबर

वेलफ्लीटला गेलो. बीलबाईंनी स्वतः दार उघडलं, माझा पट्टीचा हात बघून आत ओढलंच मला. चहा, क्रॅनबेरीची पोळी. चित्र स्वयंपाकघरात लावलंय. त्यासाठी जुनं कपाट हलवलं. का, तर मी म्हणालो होतो म्हणून — चुलीच्या डाव्या बाजूला!

“सकाळी अंडं उकडताना बघते मी,” त्या म्हणाल्या. “आई असती तर लांबूनच ओळखलं असतं तिने. ही रेघ बघ. तू दाखवलीस तेव्हापासून मला आधी तीच दिसते.”

तोंड उघडलं मी. देवाशपथ, उघडलं होतं.

“काय रे बाळ?”

“पोळी छान झालीय,” मी म्हणालो.

त्यांनी उरलेली डब्यात घालून दिली. बसथांब्यावर खाल्ली नाही. गावात उतरलो ते सरळ तळघरात गेलो, डबा ओदेतपुढे ठेवला. तिने विचारलं, “सांगितलंस?” मी मान हलवली. नाही. तिने डबा उघडला, तुकडा तोडला, अर्धा मला दिला.

मग ती म्हणाली, “त्या चित्रातला राखाडी मी तीनदा धुऊन मिळवला होता. बाईंना आवडला का?”

“रोज बघतात.”

तिने तोंड फिरवलं. रडत होती की काय, कळलं नाही. मला तिचा गळा दाबावासा वाटत होता, आणि तिच्या बाहीवरचा निळा डाग पुसावासा वाटत होता. दोन्ही केलं नाही.

२७ ऑक्टोबर

प्रदर्शन झालं. शब्द मीच दिला. सगळी चित्रं विकली गेली, म्हातारीचं सोडून. तिचं मी परत त्याच खिळ्याला लावून आलो. ती म्हणाली, “पोरा, फिकट दिसतोस. जेवतोस ना?”

कोपऱ्यात, दाराच्या मागे, किट्रेजने ओदेतचं स्वतःचं एक लावलं होतं. तिच्या नावाचं. माझ्याच हट्टावरून. दोन होड्या, लाल आणि काळ्या. तासन्‌तास मी त्याच्याजवळ उभा राहिलो. एक माणूस थांबला. त्याने विचारलं, कोटासाठी खुंटी कुठे आहे?

४ नोव्हेंबर

ओदेतचं बोट कोरणीने कापलंय, पेन्सिल धरवत नाही. दुपारच्या बसने बॉस्टनचा माणूस यायचा होता आणि चित्राखाली सही राहिली होती. मी केली. ‘लाविनिया थॉर्न, १९१७.’ एका दमात आली.

“माझ्याहून बरी,” ओदेत म्हणाली.