आजोबांच्या सुया

४ एप्रिल
आजही वर्ग फोनवरच. सरांनी निबंध दिलाय — महामारीने मला काय शिकवलं! कप्पाळ! परीक्षेचं वर्ष पाण्यात गेलं, समोरची भिंत तोंडपाठ झाली. सोळाव्या वर्षी एवढंच.

६ एप्रिल
आजोबांना डबा पोचवायचं काम माझ्या गळ्यात. आईची तंबी — "दारात ठेवायचा, बेल वाजवायची, चार पावलं मागे. आत गेलीस तर तंगडं तोडीन!" आजोबा म्हणजे तिचे वडील. शिंपी. एकटेच राहतात, सध्या लोकांना मास्क शिवून देतात.

आज दार उघडून म्हणाले, "जरा दोरा ओवून दे गं. दिसत नाही. सकाळपासून मशीन बंद आहे." गेले मी आत! एवढ्याशा कामाने काय होतंय? मशीनचा दोरा ओवला, हातशिलाईच्या दहा सुया ओवून टोचून ठेवल्या. माझ्या चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणून मास्क हनुवटीवर ओढला, तेव्हा कुठे सुईचं नेढं दिसलं.

९ एप्रिल
रोज आत जाते. आईला पत्ता नाही. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत — आपल्याला काही होत नाही, म्हणजे आपल्यापासूनही कुणाला होत नाही. मलाही पटलं. हुशार मुलांचा वर्ग आमचा!

आजोबा माझी गाठ बघून म्हणाले, "दोऱ्याला मारलीस की बैल बांधलास?" खूप हसलो. मी निघाले तसे म्हणाले, "दिवसभरात तुझाच काय तो आवाज." मग मी अजून दहा मिनिटं बसले.

१२ एप्रिल
डोकं ठणकतंय. अंगही मोडून आलंय. फोन बघून बघून झालं असेल.

१५ एप्रिल
आजोबांना दवाखान्यात नेलं. श्वास पुरत नव्हता. आईला गाडीजवळ जाऊ दिलं नाही. ती रस्त्याच्या पलीकडून ओरडली, "बाबा, चष्मा घेतलात ना?" त्यांनी हो म्हणून मान हलवली. चष्मा मशीनवर पडलेला होता.

१६ एप्रिल
आई जेवताना म्हणते, "ते कुठे जात नाहीत, येत नाहीत. त्यांना दिलं कुणी?"
मी ताटात बघत राहिले. मी दिलं. मीच! टीव्हीवर डॉक्टरबाई सांगत होत्या — पोरांना जाणवत नाही, पण ती दुसऱ्याला देतात. हे आधी का नाही सांगितलं? सांगितलं असेल. आम्ही ऐकतोय कशाला!
ताट तसंच ठेवून उठले.

१८ एप्रिल
आईला सगळं सांगितलं. सुया, हनुवटीवरचा मास्क, सगळं. वाटलं, आता खैर नाही. तिने मला घट्ट कवटाळलं आणि रडत राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल
सर विचारतात, निबंध कुठाय. फोन बंद करून ठेवला.

२१ एप्रिल
नर्सने आजोबांना आईच्या नंबरवर फोन लावून दिला. मी घेतला आणि म्हटलं, माझ्यामुळे झालं सगळं. धापा टाकत एकेक शब्द — "तुझ्यामुळे नाही गं पोरी. तुला पहिल्यांदा आत बोलावलं ना, तेव्हाच अंगात ताप होता. सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

म्हणजे मी त्यांना नाही. त्यांनीच मला!

आईला सांगायला स्वयंपाकघरात धावले. ती ओट्याला धरून खोकत होती. हातानेच खूण केली — जवळ येऊ नकोस.