न सोडलेली पकड

४ फेब्रुवारी

आज शेवटच्या फेरीत तो माझ्या छातीवर आडवा होता आणि मला नीट श्वास घेता येत होता.

हे बरोबर नाही. क्लबात त्याला सगळे 'भट्टी' म्हणतात – बेकरीत काम करतो म्हणून, आणि अंगावर आला की धग लागते म्हणूनही. त्याच्याखाली सापडलं की श्वास मागून घ्यावा लागतो. जिउ-जित्सूत, म्हणजे आमच्या गादीवरच्या जपानी धाटणीच्या कुस्तीत, ताकद दुय्यम. आपलं वजन समोरच्याच्या बरगडीवर नेमकं कुठे टेकवायचं, हे आधी शिकायचं. त्याला ते येतं, म्हणून त्याचा पट्टा जांभळा. माझा त्याच्या एक पायरी खालचा, निळा. मी नवखी असताना म्हणाला होता, "नाजूक समजून हलका खेळलो, तर तो तुझा अपमान." त्यानंतर कधी हलका खेळला नाही. बरगड्या दुखायच्या आणि बरं वाटायचं. मी त्यातूनच त्याच्या प्रेमात पडले, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आता तीन वर्षं एका घरात राहतो.

आज त्याने गुडघे गादीवर टेकवून ठेवले होते. सगळा भार स्वतःकडे. परक्याच्या सोफ्यावर बसावं तसा.

दिवसभर प्रयोगशाळेत वजनकाटे तपासते मी. माझी चूक होत असेल. पण वजनाच्या बाबतीत सहसा होत नाही.

६ फेब्रुवारी

आजही.

९ फेब्रुवारी

त्याला पहाटे बेकरीत जावं लागतं, म्हणून तो दिवेलागणीलाच आडवा होतो. मी शेजारी बसून कानात वायर घालून कालच्या स्पर्धेतली अंतिम लढत पाहिली. ती लहानखुरी बाई जवळजवळ सगळा वेळ खाली होती. हलली म्हणून नाही! आणि शेवटी एका वळणात समोरचीच्या पाठीवर. तेवढाच तुकडा मी पुन्हापुन्हा मागे नेऊन बघितला – टाच आधी आत जाते की हात? टाच.

एरवी असं काही लागलं की तो झोपेतून उठून म्हणतो, परत लाव, बघू. आज जागा होता. श्वासावरून कळत होतं. वळला नाही.

आईचा फोन येऊन गेला. तारखेचं काय ठरलं, विचारत होती. म्हणे, एकमेकांच्या उरावर बसून कुस्ती खेळता, मग चार माणसांत बसून लग्नाचं बोलायला काय होतं? हसले. विचारून सांगते म्हटलं.

१५ फेब्रुवारी

विचारलं.

लग्नाचं नाही. तो भांडी घासत होता, मी पुसत होते. म्हटलं, हल्ली तू माझ्यावर वजन टाकत नाहीस. आणि मी हात धरला की पकड पुरती बसायच्या आत थाप मारून हार मानतोस. अर्धवट पकडीला तू कधी हार मानत नव्हतास.

त्याने नळ बंद केला.

"तू मोजलंस?"

रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मोजायची गरज नव्हती, कळलं.

"तेच ग. तुला सगळं कळतं. मी दार कसं लावलं, त्यावरून तुला माझा दिवस कळतो. तीन वर्षं मी काट्यावर उभा आहे. आता उतरावंसं वाटतंय."

दुसरं कुणी आहे का, विचारलं. नाही म्हणाला. माझा विश्वास बसला, आणि तेच जास्त लागलं. कुणी असती, तर निदान कारण तरी माझ्याबाहेर असतं. मग गादीवर ते सगळं कशासाठी, विचारलं. तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता म्हणाला. आणि सोडून जायचं मनात असताना तुझ्या अंगावर भार टाकायचा मला काय हक्क?

हा माणूस असा आहे. सोडून जातानासुद्धा सभ्य.

ताटल्या पुसून झाल्या. जागच्या जागी ठेवल्या.

१६ फेब्रुवारी

गेला. थोरल्या भावाकडे राहणार आहे. दोरीवर आमच्या सरावाच्या जाड कोटांची जोडी वाळत होती. ते कापड लवकर वाळत नाही. आपला ओलाच घेऊन गेला.

२० फेब्रुवारी

आज प्रमाण वजन उघड्या बोटांनी उचललं.

बोटांचा ओशटपणा एवढासा, पण काटा तो पकडतो. आम्ही ती वजनं चिमट्याने धरतो, बोलतानाही तोंड बाजूला करतो. नव्या मुलींना मीच हे ओरडून शिकवते! शेजारच्या टेबलावरच्या थोरल्या मॅडमनी पाहिलं. हातमोजे माझ्याकडे सरकवले. जाताना म्हणाल्या, घरी बरं आहे ना? हो म्हटलं.

आईलाही अजून सांगितलेलं नाही. तारीख विचारायला ती फोन करते, मी पाहते आणि वाजू देते.

२४ फेब्रुवारी

क्लबात गेले. आमच्यातली नर्स – अंगाने दणकट, जिभेने त्याहून – दारातच म्हणाली, "काटाबाई, चेहरा काय हा? सलाईन लावू?" बाकीचे नको तितके हसले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

वस्तादांनी चपलांच्या फळीपाशी बोलावलं. भट्टीने त्यांना सांगितलंय. म्हणाले, हवं तर सरावाचे वार वाटून घ्या. दोघं माझेच, मी कुणाला जा म्हणणार नाही. मी म्हटलं, काही गरज नाही वस्ताद, आम्ही मोठे आहोत.

वार वाटले असते, तर तो दिसला नसता.

इथे लिहायला काय हरकत आहे? मी सध्या सरावाला जात नाही. त्याला बघायला जाते. तो परत येईल असं वाटतं. कशावरून? कशावरूनच नाही. असा निष्कर्ष मी कामावर कुणाचा खपवून घेतला नसता.

३ मार्च

तो सगळ्यांशी खेळला, माझ्याशी सोडून. क्लबात नुकत्याच आलेल्या पोस्टमनला खाली घेतलं आणि पूर्ण वजन टाकलं. पोस्टमन बिचारा कण्हत होता. मला हेवा वाटला. पोस्टमनचा!

१० मार्च

 जमेल तसं, पण झालं त्याच क्रमाने लिहिते.

शेवटच्या फेरीला जोड्या लागल्या आणि आम्ही दोघंच उरलो. वस्तादांनी आमच्याकडे पाहिलं. दोघांनीही मान हलवली. तळहाताला तळहात, मुठीला मूठ – सुरुवात. तो वर आला, आडवा झाला, आणि गुडघे टेकले. तसाच. हलका.

त्याच्या कानात म्हटलं, "वजन टाक."

टाकलं नाही.

मग मी सुटले – एवढं हलकं असल्यावर कुणीही सुटेल – आणि वळून त्याच्या पाठीवर गेले. टाच आधी, मग हात. हात हनुवटीखाली गेला. इतकी पुरती पकड मला त्याच्यावर कधीच मिळाली नव्हती. त्याने माझ्या दंडावर थाप मारली. एकदा, लगेच दुसऱ्यांदा. स्पष्ट.

थाप लागली की सोडायचं. पडायला शिकवतात त्याच्याही आधी हे शिकवतात. आम्ही रोज एकमेकांच्या हातात गळा देतो, तो या एकाच भरवशावर. सोडण्यात क्षणाचा उशीर करणाऱ्याशी कुणी पुन्हा खेळत नाही.

थाप लागली. मला कळली. मी सोडलं नाही.

गोंधळले नव्हते, घाबरले नव्हते. त्याला इजा व्हावी असंही नव्हतं. सोडलं असतं तर तो उठला असता, छान म्हणाला असता आणि भिंतीकडे जाऊन पाणी प्यायला असता. डोक्यात तेवढंच होतं.

मग तो जड झाला. सगळा भार माझ्यावर आला. इतके दिवस मला हवा होता, तोच.

नर्सने माझा हात ओढून काढला. त्याला उताणा केला, पाय वर धरले. मी त्याच्या तोंडाशी वाकले होते. लगेच डोळे उघडले त्याने. मला पाहिलं आणि हसला. ते हसू क्लबातलं नव्हतं. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला,

"झोप तू. अजून अंधार आहे."

बेकरीत निघताना तो रोज हेच म्हणायचा. पांघरूण माझ्या खांद्यावर ओढून.

मग त्याची नजर वरच्या दिव्यांकडे गेली. भोवतालच्या तोंडांकडे. पुन्हा माझ्याकडे. त्याला आठवत गेलं. त्याला आठवताना मी पाहिलं.

११ मार्च

डॉक्टरांनी तपासलंय. ठीक आहे, मान दोन दिवस आखडलेली राहील.

वस्तादांनी दोघांना समोर बसवलं. तो म्हणाला, मी थाप मारलीच नाही, मारायच्या आत शुद्ध गेली. मी म्हटलं, मारली. दोनदा मारली. मला लागली आणि मी सोडलं नाही.

वस्ताद माझ्याकडे वळले.

"तो तुला वाचवतोय, पोरी. आणि तू वाचवून घेत नाहीस."

मग निकाल सांगितला. मी यायचं, कपडे घालायचे, भिंतीला बसायचं. कुणी आपणहून हात पुढे केला, तरच गादीवर उतरायचं. वस्ताद जोडी लावणार नाहीत. तुझ्या हातात गळा द्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणाले.

कमी वाटली शिक्षा.

१४ मार्च

माझ्यासाठी खोटं बोलला. का?

आणि ते वाक्य. शुद्धीवर येताना माणूस ठरवून बोलत नाही. लपवायला, सभ्य राहायला तेव्हा वेळच नसतो. तिथून वर येताना त्याच्या तोंडी सगळ्यात आधी जे आलं, ते आमचं घर होतं. मी होते. हे तरी पुरावा म्हणून चालेल की नाही?

त्याला सांगणार आहे. त्याला माहीत असायला हवं. कसं म्हणायचं, तेही ठरवलंय – तुझं डोकं उतरलंय काट्यावरून, पण तू उतरलेला नाहीस. नको, काटा नको. नुसतं जे बोललास ते जसंच्या तसं सांगेन. मग तो गप्प होईल. मग येईल.

येईलच.

१९ मार्च

भिंतीला बसले. तास संपेपर्यंत कुणी हात पुढे केला नाही. पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा घट्ट करत राहिला. घट्टच होता.

नर्स पाणी प्यायला माझ्याजवळ आली. आज चेष्टा नाही. म्हणाली, मी तुला बोलावणार आहे, नक्की. पण आज नाही ग. आज मला तुझी भीती वाटते. मी बरं म्हटलं. तिने खरं सांगितलं, हे बरं केलं.

तो आला नाही. मागच्या वेळीही नव्हता.

आईला सगळं सांगून टाकलं. गळ्याचंसुद्धा. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, जेवलीस का?

फोन ठेवून रडले. पहिल्यांदाच.

२३ मार्च

त्याचा फोन आला. कशी आहेस विचारलं. मी मानेचं विचारलं. बरी आहे म्हणाला. मग म्हणाला,

"त्या दिवशी शुद्धीवर येताना मी काही बोललो का ग? नर्स म्हणते, तुझ्याकडे बघत होतो आणि ओठ हलत होते. मला काही आठवत नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तुला उगीच आशा लागेल असं काही बोललो नाही ना?"

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं.

"नाही," म्हटलं. "काहीच बोलला नाहीस."

पलीकडे त्याने श्वास सोडला. लांब, मोकळा. बरं झालं म्हणाला.