पाहुण्यांसाठी बंद

बल्लारपूर,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुलदीप,

सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. काल मतदानाची ड्यूटी आटोपली, आज शाळेत जायचं नाही म्हणून लिहायला बसले. गावाकडे धानाची कापणी झाली, बांधणी चालू आहे. आईचा गुडघा आहे तसाच आहे, तरी ती मजूर बायांच्या मागे मागे धानाच्या बांधीत जातेच. प्रियाला माझा जयभीम सांग, सम्यकला पापा दे.

कागदावरचं पत्र पाहून तुला हसू आलं असेल. काय करू? फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहिल्या की उत्तरादाखल अंगठा पाठवतोस. आदेश दिवाळीला इथे बल्लारपूरला घरी आला होता, उद्या न्यूझीलंडला परत निघतोय. तुमचं हल्ली फारसं पटत नसलं, तरी तो तुझ्या गावात राहतो आणि पत्र हातात द्यायला कबूल झालाय.

तुझा मेसेज मिळाला. डिसेंबरात साळ्याच्या लग्नाला नागपूरला येतोयस, आनंद आहे. वेळ कमी म्हणून गावाला यायला जमणार नाही, ताईनं आईला घेऊन हॉलवर यावं, तिथेच नातू दाखवता येईल, हेही वाचलं. नातू दाखवता येईल! हॉलवर आहेराच्या साड्या दाखवतात, तसा.

आणि शेवटची ओळ वाचली. 'आईसमोर व्हिसाचा विषय काढू नकोस, ती उगाच हट्ट धरेल.'

ठीक आहे. त्या विषयावरच बोलू.

२०२० साली तुमच्या देशानं दार लावलं, त्यात तुझा दोष नव्हता. प्रियाच्या बाळंतपणासाठी आईचा पासपोर्ट झाला होता, डिंकाचे लाडू वळून झाले होते आणि आठवड्याभरात सगळं बंद. पाहुण्यांना मनाई, फक्त तिथल्या माणसांना प्रवेश, त्यांनाही आधी हॉटेलात चौदा दिवस कोंडणार. तू दर रविवारी एकेक नियम समजावून सांगायचास. पुढे हॉटेलातल्या खोल्यांसाठी नंबर लागायला लागले, आपल्याच देशात यायला लोकांचं चिठ्ठ्यांमध्ये नाव निघावं लागतं, हे ऐकून आई दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरली होती. तेव्हा तू खरं बोलत होतास. मी नंतर सगळं तपासून पाहिलं आहे.

लशीशिवाय घेणार नाहीत, असं तू म्हणालास. आपल्या गावात तेव्हा लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, अशी आवई होती. नर्सबाईंची गाडी दिसली की लोक जंगलात मोहफुलं वेचायला पळायचे, मोहफुलांचा हंगाम संपला होता तरी. तेव्हा शाळेच्या पडवीत लस घ्यायला पहिली बाई आपली आई बसली. रात्री ताप भरला तेव्हा शेजारच्या देवाजीकाकांनी येऊन विचारलं, बायनाबाई, पोराले भेटाच्या आधीच जातं का आता? ती उठून बसली, म्हणाली, "नाई मरत मी. मले विमानात बसाचं हाये." दुसऱ्या खेपेला तिच्या मागे अकरा बाया गेल्या.

तंबाखूचा खर्रा सोडला तिनं. तुला ठाऊक आहे का? बाबा गेल्यावरही जो सुटला नव्हता, तो सुटला. तिकडे थुंकलं की दंड करतात, असं तुझ्याकडून ऐकलं होतं म्हणे.

आणि गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं आता सांगते. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण आईनं शपथ घातली होती.

तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, "आई, उघडलं तरी हॉटेलात चौदा दिवस एकटं ठेवतात. दार उघडता येत नाही, कुणाशी बोलता येत नाही. तुला नाही जमणार." आईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी धानाच्या पोत्यांची खोली रिकामी केली, खाट टाकली, मडकं ठेवलं आणि आतून कडी लावून घेतली. जमते का ते पाहते, म्हणाली. जेवण देवाजीकाकांकडच्यांनी उंबऱ्यावर ठेवायचं, ठेवून लांब जायचं, मग ती दार उघडणार. मेच्या उन्हात, पत्र्याखाली. न्हाणी मागच्या दारात होती म्हणून निभावलं, तिथेही ती सगळे झोपल्यावर जायची.

गावात बोंब झाली की तो करोना पुन्हा आला, बायनाबाईला झाला. आपल्या विहिरीवर बाया पाण्याला येईनात. कुणी म्हणालं, धानोऱ्याकडे बायकांना महिन्याच्या वेळी वेगळ्या झोपडीत बसवतात, ही म्हातारपणी काऊन बसली? मी शनिवारी गेले तर मला दाराबाहेरूनच परत लावलं. "फोडू नको बाई, आठ दिस झाले हायेत, वाया जातीन." मी दारावर लाथ मारणार होते. मग तिथेच बसले आणि दाराच्या अलीकडून तिच्याशी गप्पा मारल्या, तेही तिनं थांबवलं, कारण बोलायची परवानगी नसते ना.

चौदा दिवस पुरे करून ती बाहेर आली तेव्हा तिला उजेड सोसत नव्हता. तरी पुढच्या रविवारी तुला तिनं एवढंच विचारलं, "मी ऱ्हाईन एकटी, जमते मले. उघडलं का रे तिकडचं?" तू म्हणालास, अजून नाही आई, फार कडक आहेत.

कुलदीप, तेव्हा दार उघडून वर्ष होत आलं होतं. २०२२च्या जुलैअखेर सगळ्या जगातल्या पाहुण्यांना घ्यायला लागले. हॉटेलात कोंडणं तर त्याच्याही आधी संपलं. जो नियम उरलाच नव्हता, त्याची माझ्या आईनं पत्र्याखाली तालीम केली.

हे मला गेल्या आठवड्यात कळलं. आदेशच्या घरी फराळाला गेले होते. त्याच्या आईनं मोबाइलवर फोटो दाखवले, ती आणि त्याचे बाबा तुमच्याकडच्या समुद्रावर. मी म्हटलं, बंद आहे ना? तर त्या माउलीला काही कळेचना. पुढच्या फोटोत सम्यकचा वाढदिवस होता. मागे प्रियाचे आईबाबा, लोकरीच्या टोप्या घालून. पाच महिने होते म्हणे तुझ्याकडे. माझ्या हातातला चिवडा तसाच राहिला.

त्यांनी यावं, माझं काही म्हणणं नाही. ते इंग्रजी बोलतात, कारमध्ये बसून ओकत नाहीत, तुझ्या मित्रांसमोर जमिनीवर फतकल मारून बसत नाहीत. आपल्या आईची लाज वाटते असं तोंडानं म्हणाला असतास, तर मी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. तू सबंध देशाच्या सरकारला पुढे केलंस. सरकार काय, येऊन थोडंच सांगणार आहे की आम्ही नाही अडवलं.

मी ठरवलं होतं, आईला हे कळू द्यायचं नाही. तुझ्यासाठी नव्हे. तिच्यासाठी.

निघताना आदेशलाही बजावलं, गावाकडे गेलास तर काकूंसमोर बोलू नकोस. तो खाली बघायला लागला. म्हणाला, ताई, मी तर मागच्या डिसेंबरातच काकूंना भेटून आलो. विचारलं होतं, काकू, तुम्ही कधी येता, आता काही अडचण नाही. तेव्हा काकू हसल्या, म्हणाल्या, "मलेच टाइम नाई बापा. ढोरं कोणाच्या भरोशावर सोडू?"

म्हणजे तिला वर्षभर ठाऊक आहे. माझ्या आधीपासून.

आणि वर्षभर दर रविवारी, मी शेजारी बसलेली असताना, ती तुला फोनवर विचारते आहे, उघडलं का रे. तू दर रविवारी नाही म्हणतोस. ती म्हणते, बरं बापा, तब्येतीले जप. फोन ठेवते आणि तांदूळ निवडायला घेते. गावात कुणी विचारलं तर अजूनही सांगते, तिकडचे कायदे लई खराब, पोरगा बिचारा तडफडून राह्यला.

परवाच्या रविवारी मी तिला समोर बसवलं. ठाऊक आहे तर विचारतेस कशाला दर वेळी, म्हणून ओरडलेसुद्धा. हातातलं तांदळाचं सूप तिनं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी ईच्यारलंच नाई, त त्याले खरं सांगाचं असन तवा कसा सांगन तो?"

मला रडू आलं, तिला नाही आलं.

नागपूरच्या हॉलवर ती येणार नाही. मी सांगितलं म्हणून नाही, तिनंच ठरवलं. सम्यकला पाहायला तिचा जीव किती तुटतो ते मी लिहिणार नाही, तुला कळत नसेल तर लिहून उपयोग नाही.

हे पत्र पुढच्या शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. मी ते लिहिलंय, हे आईला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. तिचा फोन येईल, ती तेच विचारेल. काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव. फक्त एवढं लक्षात ठेव की तू 'अजून नाही' म्हणालास, तर ती त्याही वेळी 'बरं बापा' म्हणेल, आणि तू पुन्हा कधी खरं बोलशील म्हणून पुढच्या रविवारची वाट पाहील. ती थकणार नाही. मी थकले आहे.

अजून तरी तुझी बहीण,
नूतन