तो कावळाच होता

बाबा, तुमच्या दहाव्याला पिंडाला आधी शिवला तो कावळाच होता. हे पहिल्यांदा लिहून टाकते, बाकीचं मागून.

मी तेव्हा पाचवीत होते. नदीकाठी पिंड मांडलेला, आणि मी मायचा पदर धरून बाभळीखाली बायकांत उभी. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही येईना. "इच्छा राहिली आसंल माणसाची," कुणीतरी म्हणालं. तुमचे थोरले भाऊ, आपले मोठे आप्पा, हात जोडून म्हणाले, "घर मी संभाळीन." कावळे हलले नाहीत. मग दहा दिवस तोंडातून शब्द न काढलेली माय एकदम मोठ्यानं बोलली, "पोरीला शिकवीन. शिकल तेवढं शिकवीन." आणि एक कावळा उतरला. पंख पांढरट, छाती ज्वारीच्या पिठासारखी, डोळे मात्र काळेभोर. त्यानं भातात चोच घातली. आप्पांनी खडा मारला. "हाड! हे कुठं कावळा हाय? कोड फुटलेलं पाखरू हाय ते!" तो जरासा उडून पुन्हा जवळच बसला. आप्पा घाईनं पिंडाकडं वळले, "पोरीचं लग्न येळेवर लावून देतो, म्या जिम्मेदार." तेवढ्यात एक काळा कावळा झेपावला, पांढऱ्याला टोचत हुसकावलं आणि भाताचा घास घेऊन गेला. "शिवला, शिवला!" म्हणत सगळी माणसं आंघोळीला उतरली.

तेव्हापासून माय समजून चालली की तुम्ही तिचा शब्द परत पाठवला आणि आप्पांचा घेतला. तरी तिनं मला शिकवलं. शाळेतली खिचडी शिजवून, आप्पांची बोलणी खाऊन, आणि मनात तुमच्याविरुद्ध जातेय असं धरून. मेलेल्या नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध रोज सकाळी पोरीची वेणी घालून तिला शाळेत पाठवणं म्हणजे काय, हे मला आत्ता कुठं कळतंय.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी प्राण्यांच्या रंगाचा धडा घेतला तेव्हा मी उभी राहून त्या कावळ्याचं सांगितलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "डोळे कोणत्या रंगाचे होते?" काळे, मी म्हणाले. "मग तो पूर्ण अल्बिनो नाही. पिसांत रंगद्रव्य कमी, एवढंच. कावळा तो कावळाच." त्या दिवसापासून मी असे प्राणी वहीत लिहून ठेवते. डोंगरकड्याची पांढरी खार, पुसेगावच्या शिवारातली फिकट साळुंकी. खारीला लोक नारळ फोडतात, साळुंकीला दगड मारतात. दोघींना नुसतं पाहणारं कुणी भेटलं नाही. अशा पाखरांना त्यांचीच जात कधी कधी टोचून हाकलते, तेही वाचलं. म्हणजे तो काळा कावळा आप्पांच्या बोलण्यावर आला नव्हता, बाबा. तो पांढऱ्याच्या मागं आला होता.

गेल्या रविवारी आप्पा स्थळ घेऊन आले. नांदेडला एम.एस्सी.ला माझा नंबर लागलाय हे त्यांना माहीत होतं. बाजेवर बसून चहा फुंकत म्हणाले, "पिंडाम्होरं बोललोय म्या. कावळा शिवलाय. आता माघार न्हाई."

"आप्पा, आधी कोणता शिवला?"

"ते कावळा नव्हता."

"म्हशीला भुरं पारडू झालं तर त्याला तुमी बकरू म्हणता का?"

त्यांच्यासोबत आलेली चुलती पदराआड फिस्सकन हसली. आप्पांची बशी खाली आदळली. "काहून एवढी जीभ चालून राहिली? याच्यासाठी शिकवलं का तुला?"

"व्हय, याच्यासाठीच. आन् तुमी न्हाई, मायनं शिकवलं."

ते चहा टाकून गेले. जाऊ देत. राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तुम्ही जवळा बाजारला आडतीवर धान्य मोजणारे मापाडी होता, आणि बाजाराच्या दिवशी मला सोबत नेऊन दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचात. एकदा मी अंदाजानं वाचलं तर कान पिळलात. "पोरीला काहून आणता बाजारात?" असं कुणी विचारलं की म्हणायचात, "वाचून राहिली ती, बोलू नका मधी." हे आप्पांनी ऐकलं होतं, सगळ्या आडतीनं ऐकलं होतं. तुम्ही जिवंतपणी काय म्हणालात ते कुणी आठवलं नाही, आणि मेल्यावर विचारायला गेले कावळ्याला. मी नांदेडला जाणार आहे. कावळा आला असता तरी, नसता आला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता मायनं विचारलं, "म्हंजी त्या दिशी माझं बोलणं त्यांना पोचलं व्हतं?" तिचा हात परातीतच थांबलेला. माय खिचडी शिजवते त्या शाळेतल्या पोरांना मी सांगत असते, कावळा भुकेनं येतो, त्याच्यात कुणाचा आत्मा-बित्मा नसतो. मायला मी म्हणाले, "पोचलं व्हतं, माय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि कितीतरी वेळ त्या भाकरीकडं पाहत राहिली.

हे पत्र वहीतच राहील. आप्पांना दाखवायचं नाही, सरांना तर नाहीच. कारण तुमच्यापाशी कबूल करते, मायला ते सांगताना मी खोटं बोलतेय असं मला क्षणभरही वाटलं नाही.